मुलाची उंची आणि मुलखाचा इतिहास

पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात, आंबेगाव तालुक्याच्या पूर्व अंगास, निरगुडसर नावाचे गाव आहे. पश्चिमेस भीमाशंकरचे डोंगर, उत्तरेस जुन्नर आणि शिवनेरी, जवळची बाजारपेठ मंचरची, आणि पाणी घोड व मीना या नद्यांच्या खोऱ्यातले, असा हा मुलूख. येथील शेतकऱ्याच्या घरात मुलगा तेरा-चौदा वर्षांचा झाला म्हणजे दोन गोष्टी एकदम घडतात. गतवर्षी शिवलेला सदरा मनगटाच्या वर चढू लागतो. आणि मुलगा पुरेसा उंच होईल की नाही, ही चिंता वडीलधाऱ्यांच्या मनात शिरते.

ही चिंता निव्वळ हौसेची नव्हे. महाराष्ट्र पोलीस दलात शिपाई होऊ इच्छिणाऱ्या पुरुष उमेदवाराची उंची 165 सेंटिमीटरांहून कमी असता कामा नये, असा सर्वसाधारण नियम आहे. वाटण्या होऊन जमिनीचे तुकडे पडलेल्या घराला भरती हा एक मोठा आधार वाटतो. वर्ष-दोन वर्षे पहाटे उठून धावण्याचा सराव केलेला तरुण मापाच्या दांडीखाली उभा राहतो, आणि अर्ध्या बोटाने उणा भरल्यास परत फिरतो. मग कोणी त्याला आडव्या बारला लोंबकळावयास सांगतो, तर कोणी जाहिरातीतील भुकटी आणून देतो. परंतु एकोणीस-वीस वर्षांच्या तरुणाला दिलेले हे उपाय व्यर्थ जातात. त्याची उंची कधी आणि कशाने ठरली, हे समजावयाचे तर थोडे मागे जाऊन इतिहास पाहिला पाहिजे.

मुलगा कसा वाढतो याची पहिली सलग नोंद फ्रान्स देशात झाली. मोंबेयार नावाच्या एका सरदाराने 1759 साली जन्मलेल्या आपल्या मुलाची उंची त्याच्या जन्मापासून 1777 पर्यंत, म्हणजे अठरा वर्षे, सुमारे दर सहा महिन्यांनी मोजून ठेविली. सुप्रसिद्ध निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँ याने ती टिपणे आपल्या ग्रंथात छापली. त्या टिपणांवरून असे दिसून आले की, मूल जन्मानंतर झपाट्याने वाढते, पुढे तो वेग मंदावत जातो, आणि ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर तो पुन्हा एकवार उसळी घेऊन मग कायमचा थांबतो. पुढील दोन शतकांत लक्षावधी मुलांची मापे घेतली गेली. परंतु एका बापाने पदरच्या मुलावर पाहिलेला हा नियम काही बदलला नाही.

आजचे शास्त्र तो नियम अधिक तपशिलाने सांगते. शाळकरी वयात मुलगा वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतो. पौगंडावस्थेचा प्रारंभ मुलांमध्ये नवव्या ते चौदाव्या वर्षांच्या दरम्यान केव्हाही होतो. उसळीचा कळस बहुधा चौदाव्या वर्षाच्या आसपास येतो, आणि त्या एका वर्षात मुलगा सरासरीने नऊ सेंटिमीटरांपर्यंत वाढतो. या सगळ्या अवस्थेत मिळून पंचवीस ते तीस सेंटिमीटर उंचीची भर पडते. लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेचे मऊ थर असतात. वाढ तेथे होते. सोळाव्या ते अठराव्या वर्षांच्या सुमारास हे थर हाडात मिसळून जातात, आणि त्यानंतर कोणतेही औषध वा व्यायाम उंची वाढवू शकत नाही. थोडक्यात सांगावयाचे तर, बारा ते सोळा ही चार वर्षे मुलाच्या आयुष्यात एकदाच येतात.

आता प्रश्न असा की, या चार वर्षांत दक्षिणेतील मुलाच्या ताटात काय पडत होते? येथे आपल्या मुलखाचा इतिहास सुरू होतो, आणि तो सुखाचा नाही. 1876 ते 1878 या काळात दख्खनवर भीषण दुष्काळ कोसळला. पुणे जिल्ह्यात इंदापूर, भीमथडी हे पूर्वेकडील तालुके विशेष पोळले, परंतु धान्याच्या महागाईची झळ सर्वत्र पोहोचली. सरकारने दुष्काळी कामे काढली. तथापि खर्च आखडता घेण्यासाठी सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरीचे मान कमी केले. दिवसभर खडी फोडणाऱ्या पुरुषास सुमारे एक पौंड, म्हणजे अर्धा शेर धान्य आणि वर किरकोळ पैसे, एवढ्यावर भागवावे असा दंडक पडला. त्याविरुद्ध 1877 च्या आरंभी मुंबई इलाख्यातील मजुरांनी कामावरून उठून जाऊन निषेध केला, आणि 1870 साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. पोटाच्या मापासाठी झालेला हा झगडा खरोखर पुढील पिढीच्या उंचीसाठी झालेलाही झगडा होता; कारण मोठ्या माणसास जेथे अर्धा शेर, तेथे वाढत्या मुलाचा वाटा किती असणार!

या दुष्काळानंतर अवघ्या वीस वर्षांत 1896-97 चा आणि लगोलग 1899-1900 चा दुष्काळ आला. मध्यंतरी 1897 साली पुण्यात प्लेगाने थैमान घातले. 1918 साली पाऊस बुडाला आणि त्याच वर्षी इन्फ्लुएंझाची साथ आली. उपासमार आणि रोग यांचे नाते शेजाऱ्यांचे असते. तापाने व हगवणीने जर्जर झालेले शरीर मिळालेले अन्नही वाढीस लावू शकत नाही. महात्मा फुले यांनी 1883 साली पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात कुणब्याच्या घरातील दैन्याचे जे दर्शन घडविले, ते याच काळातले. सुबत्तेच्या दिवसातही ज्याच्या ताटात भाकरीबरोबर दुधाचा थेंब क्वचितच पडे, त्याच्या मुलाने उंच व्हावे तरी कसे?

येथे कोणी म्हणेल की, उंची ही रक्ताची देणगी आहे. आईबाप ठेंगणे असता मूल उंच निपजावे ही अपेक्षाच गैर. या म्हणण्यात सत्यांश मोठा आहे, हे नाकारता येत नाही. वैद्य मंडळी मुलाच्या संभाव्य उंचीचा एक ढोबळ अंदाज असा काढतात: बापाची आणि आईची उंची सेंटिमीटरांत मिळवावी, तीत 13 मिळवावे, आणि बेरजेची निमपट करावी. बाप 162 आणि आई 151 असल्यास मुलाच्या वाट्यास 163 येतात, आणि प्रत्यक्षात मुलगा त्याच्या काही बोटे वर वा खाली राहतो. परंतु या हिशोबात एक गोम आहे. बापाची जी 162 सेंटिमीटर उंची आपण रक्ताची म्हणून धरतो, ती तरी निव्वळ रक्ताची कोठे असते? तीत बापाच्या बालपणीची भूक मिसळलेली असते, आणि आजीच्या गरोदरपणातील अर्धपोटी दिवसही मिसळलेले असतात.

याची साक्ष जगाच्या इतिहासात सापडते. आज युरोपात सर्वांत उंच गणले जाणारे डच लोक एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तसे नव्हते; त्या काळी तेथील सैन्यभरतीस आलेल्या तरुणांची सरासरी उंची सुमारे 165 सेंटिमीटर होती. आज ती 182 च्या वर आहे. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासात 1896 ते 1996 या शंभर वर्षांत जन्मलेल्या लोकांच्या उंचीची तुलना केली गेली. त्यात इराणी पुरुषांची उंची शतकभरात सोळा सेंटिमीटरांहून अधिक वाढलेली आढळली. भारतीय पुरुषांची वाढ मात्र जेमतेम तीन सेंटिमीटर झाली, आणि त्यांची सरासरी आजही सुमारे 165 वरच आहे. शंभर वर्षांत कोणत्याही देशाचे रक्त बदलत नाही. बदलते ते ताट, पिण्याचे पाणी, आणि बाळंतिणीची शुश्रूषा.

महाराष्ट्राने मुलांच्या देहाकडे लक्षच दिले नाही असे मात्र मुळीच नव्हे. बलोपासनेची येथील परंपरा जुनी आणि मानाची आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाची विद्या पुनरुज्जीवित केली. 1914 साली अमरावतीस वैद्य बंधूंनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापिले. 1924 साली पुण्यास कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी महाराष्ट्रीय मंडळाची उभारणी केली. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी तर सूर्यनमस्कार आपल्या संस्थानातील शाळांत सक्तीचे केले. गावोगावच्या तालमींत लाल मातीत घुमणारा शड्डू हा या परंपरेचाच आवाज होता.

तथापि या परंपरेतील एक गोष्ट सामान्य माणसाच्या ध्यानातून निसटली. कोल्हापुरास शाहू छत्रपतींनी मल्लविद्येस राजाश्रय दिला आणि खासबागेचे मैदान बांधविले. तेथील मल्लांना जोर-बैठकांबरोबर खुराकही मिळे. दूध, तूप, बदाम, खारीक, आणि मेहनतीनंतर निवांत झोप, ही तालमीची दुसरी बाजू होय. गावातील गरीब मुलाने पहिली बाजू तेवढी उचलली. दुसरी त्याला परवडणारी नव्हती. व्यायामाने हाडे बळकट होतात, छाती भरते, पाठ ताठ राहते, भूक व झोप चांगली लागते. म्हणून तो हवाच. परंतु व्यायाम हाडास लांब करीत नाही. रिकाम्या पोटी केलेली अतिमेहनत तर वाढीसाठी लागणारे अन्नच खर्च करून टाकते.

वाढीचे खरे द्रव्य अन्नात आहे, हे प्रयोगाने सिद्ध होण्यास विसावे शतक उजाडावे लागले. 1926 साली इंग्लंडात कॉरी मान नावाच्या डॉक्टराचा अहवाल प्रसिद्ध झाला. लंडनजवळच्या एका अनाथ मुलांच्या वसतिस्थानात मुलांना पोटभर व त्या काळच्या समजुतीप्रमाणे पुरेसे जेवण मिळत होते. त्या जेवणावर राहिलेली मुले वर्षाला सरासरी 1.84 इंच वाढली. ज्यांना त्याच जेवणावर रोज एक पाइंट, म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडे अधिक दूध दिले, ती 2.63 इंच वाढली. साखर, लोणी इत्यादी पदार्थ वरून देऊन पाहिले. दुधाची बरोबरी कोणीच केली नाही. पोट भरणे आणि शरीर वाढणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्यावरून उघड झाले.

त्याच सुमारास आपल्या देशात निलगिरीतील कुन्नूर येथे रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी उंदरांवर एक मनोरंजक प्रयोग केला. हिंदुस्थानातील निरनिराळ्या प्रांतांचा आहार त्यांनी निरनिराळ्या उंदरांच्या गटांना दिला. गव्हाची पोळी, दूध, लोणी, डाळ व हिरवा भाजीपाला असलेल्या शीख आहारावरील उंदरांचे सरासरी वजन 235 ग्रॅम भरले; मराठा आहारावरील 225, आणि सडलेला तांदूळ हे मुख्य अन्न असलेल्या मद्रासी आहारावरील 155. यावरून असे दिसते की, मराठी माणसाचा पारंपरिक आहार मुळात हलका नव्हता. भाकरी, डाळ, पालेभाजी व थोडे दूध-ताक यांची ही जोडी उत्तमच होती. उणीव होती ती एवढीच की, प्रयोगशाळेतल्या उंदरास हे अन्न रोज मिळत होते, आणि शेतकऱ्याच्या मुलास ते रोज मिळण्याची शाश्वती नव्हती.

ही शाश्वती स्वातंत्र्यानंतर हळूहळू वाढली. 1972 साली महाराष्ट्रावर पुन्हा मोठा दुष्काळ आला. परंतु या वेळी 1877 ची पुनरावृत्ती झाली नाही. 1973 च्या उन्हाळ्यात सुमारे 50 लक्ष माणसे सरकारी कामांवर होती, आणि लहानथोरांच्या हाती सुकडी पडत होती. माणसे जगली. तरीही त्या वर्षी ज्यांचे वय कोवळे होते त्यांच्या हाडांवर त्या उन्हाळ्याची खूण राहिली असल्यास नवल नाही. आणि त्यांतील अनेकांची नातवंडे आज शाळेत आहेत. पुढे घोड नदीवर डिंभे येथे धरण झाले. त्याच्या पोटात मूळचे आंबेगाव बुडाले, आणि हुतात्मा बाबू गेनू यांच्या नावाच्या त्या जलाशयाच्या कालव्यांनी तालुक्याच्या पूर्व भागाचे रूप पालटले. बाजरी-मटकीच्या रानात ऊस, बटाटा व तरकारी आली. गोठ्यात संकरित गाई आल्या, आणि मंचर येथे 1992 साली मोठ्या दूधव्यवसायाचा पाया घातला गेला.

अशा रीतीने, ज्या मुलखाच्या मुलांस दूध ठाऊक नव्हते तो मुलूख दुधाचा मुलूख झाला. मात्र दूध गोठ्यात आले म्हणून ते मुलाच्या पेल्यात आले असे होत नाही. पहाटे काढलेले दूध डेअरीच्या काट्यावर जाते. त्याच्या पैशावर कर्जाचा हप्ता, पेंडीची उधारी व शाळेचा खर्च अवलंबून असतो. घरात उरते ते चहापुरते. यात शेतकऱ्यास दोष देणे सोपे, पण अन्यायाचे आहे. तरीसुद्धा हिशोब मांडून पाहावा. तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलास दिवसाला सुमारे 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 45 ग्रॅम प्रथिने लागतात, असे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2020 च्या शिफारशीत सांगितले आहे. अर्धा लिटर दुधातून 600 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम मिळते. म्हणजे घरच्या कॅनमधील अर्धा लिटर दूध चार वर्षे मागे ठेविले, तर मुलाच्या हाडांची निम्म्याहून अधिक गरज भागते. जाहिरातीतील भुकटीच्या डब्यास याहून अधिक पैसे पडतात.

दुधाची सोय नसलेल्या घरानेही निराश होण्याचे कारण नाही. तालुक्याच्या पश्चिमेस डोंगरउतारावर पिकणारी नाचणी कॅल्शियमची खाण आहे. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. मटकी, हुलगा, हरभरा, भुईमुगाचे शेंगदाणे, शेवग्याचा पाला, आणि ज्यांना चालते त्यांना अंडे व मासळी, ही सर्व वाढीची सामग्री बांधावर आणि आठवड्याच्या बाजारात मिळणारी आहे. अडचण एवढीच की, या वयाच्या मुलाची भूक मोठ्या माणसाच्या भुकेहून मोठी असते, आणि घरातल्यांना ती खादाडपणा वाटते. ती खादाडी नव्हे. वाढणाऱ्या हाडाची ती मागणी आहे.

मुलाच्या वाढीचा पाया याहूनही आधी घातला जातो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास आरंभिला. पालेभाजी, फळे व दूध अधिक वेळा खाणाऱ्या मातांची बालके जन्मतः अधिक भरदार होती, असे त्यात आढळून आले. तेव्हा मुलाच्या उंचीची काळजी घेणाऱ्या घराने बहिणीच्या आणि सुनेच्या ताटाकडेही तितक्याच आस्थेने पाहिले पाहिजे. आज अर्धपोटी राहिलेली मुलगी ही उद्याच्या ठेंगण्या मुलाची आई होय.

सरकारी व्यवस्थेचा विचार केला तर एक विचित्र खंड नजरेस येतो. सहा वर्षांपर्यंत अंगणवाडी मुलाकडे पाहते. 1995 साली देशभर सुरू झालेली शालेय पोषण आहाराची योजना पहिली ते आठवीच्या मुलांना दुपारचे जेवण देते. सहावी ते आठवीसाठी त्यात 700 उष्मांक व 20 ग्रॅम प्रथिने यांचे मान ठरलेले आहे. परंतु आठवी संपते ती बहुधा चौदाव्या वर्षी, म्हणजे मुलाच्या वाढीची उसळी ऐन कळसास आली असता! नववीत गेलेल्या मुलास शाळेत जेवण नाही, आणि पुष्कळदा शाळा घरापासून लांब गेलेली असते. लोहाच्या साप्ताहिक गोळ्या व जंतनाशक गोळी मोठ्या वर्गांतही मिळते, हे चांगलेच. पण गोळीने जेवणाची जागा भरून निघत नाही. आठवीपुढील दोन वर्षे हे जेवण चालू ठेवण्याचा विचार राज्यकर्त्यांनी करावा, आणि तोवर ग्रामपंचायती, दूधसंस्था व शाळा यांनी मिळून नववी-दहावीच्या मुलांना पेलाभर दूध देता येईल काय हे पाहावे.

अन्नाच्या जोडीस आणखी काही गोष्टी आहेत, आणि त्यांना पैसा लागत नाही. वाढीचे संप्रेरक गाढ झोपेत विशेष स्रवते. म्हणून तेरा ते अठरा वर्षांच्या मुलास आठ ते दहा तास झोप हवी. रात्री उशिरापर्यंत मोबाइल पाहणारा आणि पहाटे धारा काढण्यास उठविला जाणारा मुलगा ही झोप गमावतो. तंबाखू व गुटखा भूक मारतात, आणि तोंडाचा घातक रोग जडवितात. स्वच्छ पाणी, हात धुण्याची सवय आणि वेळीच केलेला औषधोपचार यांनी खाल्लेले अन्न अंगी लागते. ओझी वाहण्याचे व रात्री पाणी धरण्याचे काम या मुलांवर सोपविताना त्यांच्या वयाचे भान ठेवावे.

सर्वांत सोपी गोष्ट म्हणजे मोजणे. अडीचशे वर्षांपूर्वी एका बापाने जे केले ते आज कोणत्याही घरास करता येण्याजोगे आहे. दर सहा महिन्यांनी मुलाला अनवाणी भिंतीस टेकवून उभे करावे, डोक्यावर पुस्तक आडवे धरून खूण करावी, आणि तारीख लिहून ठेवावी. 2015 साली भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या देशातील मुलांसाठी वाढीचे तक्ते प्रसिद्ध केले. त्या कामी पुण्याच्या डॉ. वामन खाडिलकर यांचा मोठा वाटा आहे. मुलाची वाढ वर्षाला चार सेंटिमीटरांहून कमी होत असेल, अथवा चौदा वर्षे पुरी होऊनही पौगंडाची चिन्हे दिसत नसतील, तर त्या नोंदी घेऊन डॉक्टरांकडे जावे. काही मुले केवळ उशिरा वाढू लागतात, आणि वर्गात ठेंगणी असूनही पुढे बरोबरी करतात. त्यांना हिणवू नये. काहींच्या वाढीआड एखादा रोग दडलेला असतो. त्यावर वेळीच इलाज होऊ शकतो. वाढीच्या संप्रेरकाची इंजेक्शने मात्र तज्ज्ञाने कारण पाहून द्यावयाची असतात, भरतीच्या हव्यासाने घ्यावयाची नव्हेत.

एवढे सर्व करूनही एखादा मुलगा 165 च्या रेषेखाली राहील, हे उघड आहे. त्यात त्याचा अपराध नाही, आणि त्याच्या कर्तृत्वास त्यामुळे बाधही येत नाही. मात्र बारा ते सोळा या वर्षांत एका पेल्याच्या, दोन घासांच्या वा तासभर झोपेच्या अभावी कोणी तेथे राहू नये, एवढी दक्षता आजची पिढी घेऊ शकते. 1877 च्या मजुरांना ती घेता आली नाही, कारण त्यांच्या हाती अर्ध्या शेराहून अधिक काही नव्हते. निरगुडसरसारख्या गावात आज पाणी आहे, पीक आहे आणि गोठ्यात दूध आहे. त्यातील मुलाचा वाटा त्याच्या चौदाव्या वर्षी बाजूला काढून ठेविला, तर त्याचे फळ त्याला मिळेलच, आणि पुढे त्याच्या मुलांनाही मिळेल.